शोधाचा खर्च आणि विचारण्याची रीत

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत फार काळ असे गृहीत धरले जात असे की, बाजारात येणाऱ्या प्रत्येक ग्राहकाला सर्व दुकानांतील भाव आधीच ठाऊक असतात. प्रत्यक्षात तसे कधीच नसते. भाजी घ्यावयास निघालेला गृहस्थ मंडईतील चार गाळे फिरतो, दोन ठिकाणी भाव विचारतो आणि पुढे जाण्याचा कंटाळा आला की तेथेच पिशवी भरून घेतो. जॉर्ज स्टिग्लर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६१ साली या साध्या व्यवहाराकडे शास्त्रीय दृष्टीने पाहिले. माहिती मिळविण्यासही किंमत पडते. ती पैशांत नसली तरी वेळात आणि श्रमात मोजावी लागते. आणि आणखी शोधण्याचा खर्च त्यापासून होणाऱ्या अपेक्षित लाभाहून अधिक वाटू लागला की माणूस शोध थांबवितो, असे त्यांनी दाखवून दिले. स्टिग्लर यांना पुढे १९८२ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या सिद्धांताची आज आठवण होण्याचे कारण असे की, घरोघरी इंटरनेट पोहोचल्यामुळे माहिती मिळविण्याचा खर्च शून्यावर आला, अशी एक समजूत सर्वत्र रूढ झाली आहे. ती अर्धीच खरी आहे. माहितीपर्यंत पोहोचण्याचा खर्च उतरला हे निर्विवाद. परंतु हव्या त्या माहितीपासून नको ती माहिती वेगळी काढण्याचा खर्च त्याच वेगाने चढला. हर्बर्ट सायमन यांनी १९७१ सालीच असे प्रतिपादिले होते की, माहितीची विपुलता झाली म्हणजे अवधानाची टंचाई होते. आता ही टंचाई प्रत्येक कार्यालयात आणि प्रत्येक वसतिगृहात अनुभवास येते.

एक नेहमीचे उदाहरण घेऊ. एखाद्या निमशासकीय कार्यालयातील लिपिकास महागाई भत्त्याचा मूळ आदेश हवा आहे. तो शोधयंत्रात ‘महागाई भत्ता’ एवढेच दोन शब्द लिहितो. त्याच्यापुढे येतात त्या बहुधा बातम्या, त्या बातम्यांवरून केलेल्या बातम्या, ‘कर्मचाऱ्यांना आनंदाची वार्ता’ अशा मथळ्यांची पाने आणि मध्ये मध्ये जाहिराती. मूळ आदेश असतो, पण तो चौथ्या किंवा पाचव्या पानावर. तेथवर कोणी जात नाही. स्टिग्लर यांच्या ग्राहकाप्रमाणे तोही दुसऱ्या गाळ्याशीच थांबतो, आणि वर्तमानपत्री वृत्तान्तावरून टिपणी तयार करतो. मूळ आदेशातील एखादी अट त्या वृत्तान्तात नसली तर त्याचा भुर्दंड कोणातरी सेवकास पडतो.

वस्तुतः हा खर्च कमी करण्याची साधने त्याच शोधयंत्रात विनामूल्य उपलब्ध आहेत. अवतरणचिन्हे, वजाचिन्ह, अपूर्णविराम अशी ही साधी चिन्हे आहेत. त्यांचा वापर करणारे मात्र थोडे.

बूल आणि रंगनाथन

या चिन्हांचा इतिहास संगणकाहून जुना आहे. जॉर्ज बूल या इंग्रज गणितज्ञाने १८५४ साली विचारांच्या नियमांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. ‘हे आणि ते’, ‘हे किंवा ते’, ‘हे, पण ते नव्हे’ या तीन रोजच्या बोलण्यातील जोडण्यांना त्याने बीजगणिताचे रूप दिले. संगणकावरील शोधाची सारी इमारत या तीन जोडण्यांवर उभी आहे.

दुसरे नाव आपल्या देशातील आहे. मद्रासच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात गणित शिकविणारे शि. रा. रंगनाथन १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. त्यांतील चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचवा असे सांगते. १९३३ साली त्यांनी ग्रंथवर्गीकरणाची जी पद्धती प्रसिद्ध केली तिला ‘कोलन’ म्हणजे अपूर्णविरामाचेच नाव मिळाले. कारण विषयाचे निरनिराळे घटक त्या चिन्हाने जोडले जात. एखादा ग्रंथ कोणत्या वस्तूविषयी आहे, कोणत्या अंगाने आहे, कोणत्या स्थळासंबंधी व कोणत्या काळासंबंधी आहे, असे विषयाचे पृथक्करण करावयास रंगनाथनांनी ग्रंथपालांना शिकविले. शोधयंत्रापुढे बसलेल्या माणसानेही स्वतःला नेमके हेच प्रश्न विचारावयाचे असतात: मला कशाविषयी हवे आहे, कोणत्या स्वरूपात हवे आहे, कोणाकडून हवे आहे आणि केव्हाचे हवे आहे? या चार प्रश्नांना चार प्रकारची चिन्हे उत्तर देतात.

चार प्रश्न, चार चिन्हे

पहिला प्रश्न विषयाचा. आपण तीन शब्द सुटे लिहिले तर ते तिन्ही पानावर असावेत असा आपला समज असतो. परंतु यंत्राला तेथे बरीच मोकळीक असते. ते एखादा शब्द गाळते, एखाद्याच्या जागी समानार्थी शब्द घेते. तेच शब्द दुहेरी अवतरणचिन्हांत घातले की यंत्राला तो शब्दसमूह त्याच क्रमाने शोधावा लागतो. ‘पुणे करार’ हे शब्द अवतरणचिन्हांत लिहिणारा १९३२ च्या ऐतिहासिक कराराचा माग काढीत असतो. ते सुटे लिहिणाऱ्यास पुण्यातील भाडेकराराचे नमुने दाखविण्याची मुभा यंत्राला राहते. शब्दसमूहातील एखादा शब्द आठवत नसेल तर त्याच्या जागी तारका घालता येते.

अवतरणचिन्हाइतकेच महत्त्व शब्दांच्या निवडीला आहे. कॅरन स्पार्क जोन्स या ब्रिटिश विदुषीने १९७२ साली असा विचार मांडला की, जो शब्द थोड्या कागदपत्रांत आढळतो त्याची ओळख पटविण्याची शक्ती अधिक असते. ‘योजना’, ‘माहिती’, ‘महाराष्ट्र’ हे शब्द असंख्य पानांवर आहेत. त्यांच्यावर शोध सोपविणे म्हणजे कुंभमेळ्यात भगव्या वस्त्रांच्या खुणेवरून एका साधूला हुडकण्यासारखे आहे. ‘अर्जित रजा’, ‘रोखीकरण’, ‘निवडश्रेणी’ हे शब्द मात्र थेट त्या दप्तरापाशी नेतात. शासकीय कागद शोधावयाचा तर शासकीय परिभाषेतलाच शब्द वापरावा, बोलण्यातला नव्हे.

नको तो अर्थ दूर ठेवण्यासाठी वजाचिन्ह आहे. कृष्णा नदीच्या पाण्याच्या तंट्याचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याने ‘कृष्णा’ या शब्दापुढे जागा सोडून, वजाचिन्हाला चिकटून ‘भजन’ लिहिले की ती पाने बाजूला पडतात. चिन्ह आणि शब्द यांत मोकळी जागा राहता कामा नये, एवढे पथ्य पाळावे. दोन पर्यायांपैकी कोणताही चालणार असेल तर त्यांच्यामध्ये ‘ऑर’ हा शब्द रोमन लिपीतील मोठ्या अक्षरांत लिहावा.

दुसरा प्रश्न स्वरूपाचा. रोमन अक्षरांत ‘फाइलटाइप’, त्यास चिकटून अपूर्णविराम आणि पुढे ‘पीडीएफ’ असे लिहिले की छापील स्वरूपातील अहवाल, आदेश व प्रश्नपत्रिका पुढे येतात. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने ‘पीडीएफ’ऐवजी ‘एक्सएलएस’ लिहिले तर आकड्यांचे तक्तेच हाती लागतात. ‘इनटायटल’ हा शब्द अशाच रीतीने वापरला असता शोध पानाच्या मथळ्यापुरता मर्यादित होतो. ओझरता उल्लेख असलेली पाने त्यामुळे गळतात.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा: ही माहिती कोण देत आहे? ‘साइट’ हा शब्द, अपूर्णविराम आणि त्यापुढे संकेतस्थळाचा पत्ता लिहिला म्हणजे शोध त्या स्थळापुरता राहतो. ‘गव्ह डॉट इन’ हा पत्ता शासकीय संस्थांना आणि ‘एसी डॉट इन’ हा शैक्षणिक संस्थांना राखून ठेवलेला आहे. आपल्या उदाहरणातील लिपिकाने ‘महागाई भत्ता’ अवतरणचिन्हांत लिहून पुढे ‘साइट’, अपूर्णविराम व ‘महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन’ अशी जोड दिली असती तर बातम्यांचा सारा गाळ एका झटक्यात खाली बसला असता. चलनविषयक आकडे हवे असतील तर शोध रिझर्व्ह बँकेच्या स्थळापुरता ठेवावा, लोकसंख्येचे हवे असतील तर जनगणना कार्यालयाच्या. मराठी विश्वकोश, महाराष्ट्र शासनाच्या दर्शनिका विभागाची जुनी गॅझेटियर्स, शिकागो विद्यापीठाने संगणकावर आणलेला मोल्सवर्थचा मराठी कोश अशी मोलाची भांडारे आज सर्वांना खुली आहेत. त्या स्थळांच्या आत असा शोध घेता येतो, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

चौथा प्रश्न काळाचा. ‘बिफोर’ आणि ‘आफ्टर’ या शब्दांना अपूर्णविराम व इसवी सन जोडला की त्या वर्षाच्या पूर्वीची वा नंतरची पाने निवडली जातात. ही सोय गूगलने २०१९ साली दिली. येथे एक सावधगिरी हवी. यंत्र जी तारीख धरते ती पानाची असते, घटनेची नव्हे. महाराष्ट्राची रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळात आकारास आली, तिचा कायदा १९७७ साली झाला व १९७९ मध्ये तो अमलात आला. परंतु त्या काळचा अहवाल कोणी २०१५ साली संकेतस्थळावर चढविला असेल तर यंत्राच्या लेखी तो २०१५ चा ठरू शकतो. तेव्हा जुन्या घटनेचा शोध घेताना वर्ष हे शोधशब्द म्हणून लिहावे. २००५ साली केंद्राने केलेल्या रोजगार हमी कायद्याची पाने वजाचिन्हाने दूर सारावीत. आणि ‘बिफोर’चा उपयोग आपल्या डोळ्यांदेखत घडलेल्या गोष्टींपुरता ठेवावा.

मराठीची अडचण

येथपर्यंत सांगितलेले नियम इंग्रजीत जितके सुरळीत चालतात तितके मराठीत चालत नाहीत, आणि त्याची कारणे आपल्या भाषेच्या घडणीतच आहेत. मराठी शब्द विभक्ती लागताच रूप पालटतो. ‘रजा’ची ‘रजेचे’, ‘रजेच्या’, ‘रजांचा’ अशी रूपे होतात. अवतरणचिन्हांत ‘रजा रोखीकरण’ लिहिणाऱ्यास ‘रजेचे रोखीकरण’ या मथळ्याचा आदेश मिळेलच असे नाही. यावर उपाय असा की, दोन-तीन संभाव्य रूपे लिहून त्यांच्यामध्ये तो ‘ऑर’ घालावा. व्याकरणाच्या तासाला कंटाळून शिकलेले सामान्यरूप येथे असे उपयोगी पडते.

शुद्धलेखनाचाही प्रश्न आहे. यंत्राला ‘परीक्षा’ आणि ‘परिक्षा’ हे मुळात दोन शब्द आहेत. ‘हिंदी’ आणि ‘हिन्दी’ यांचेही तेच. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीचे लेखन शोधावयाचे तर ‘नाहीं’, ‘केलें’ अशी सानुस्वार रूपेही लिहून पाहावी लागतात. ‘दुसऱ्या’ या शब्दातील अर्धा र संगणकावर दोन निरनिराळ्या सांकेतिक रीतींनी लिहिला जातो. डोळ्यांना ते अक्षर एकच दिसते, यंत्राला ते भिन्न वाटू शकते.

याहून मोठा अडथळा जुन्या टंकांचा. सर्व लिपींना एक समान सांकेतिक व्यवस्था देणारी युनिकोड पद्धती १९९१ मध्ये देवनागरीसह प्रसिद्ध झाली. परंतु त्यानंतरही आपल्याकडे वर्षानुवर्षे अशा टंकांत मजकूर जुळविला गेला, की जो कागदावर मराठी दिसतो आणि यंत्राला मात्र रोमन अक्षरांची निरर्थक जुळणी वाटतो. काही कागद तर छायाचित्र म्हणून चढविलेले असतात. त्यांतील अक्षरे ओळखून घेतलेली नसतील तर यंत्राच्या लेखी ते कोरे असतात. अशा कागदांपुढे कोणतेही चिन्ह लंगडे पडते. कागद संकेतस्थळावर आहे, पण तो सापडू शकत नाही, ही स्थिती तो कुलूपबंद कपाटात असण्याहून फारशी वेगळी नाही.

यंत्राचा मालक कोण?

या साधनांचा वापर इतका कमी का, याचे एक उत्तर शोधयंत्राच्या अर्थकारणात आहे. गूगलचे संस्थापक ब्रिन आणि पेज यांनी १९९८ साली, विद्यार्थी असताना लिहिलेल्या निबंधात अशी शंका व्यक्त केली होती की, जाहिरातींच्या उत्पन्नावर चालणारे शोधयंत्र स्वभावतःच जाहिरातदारांच्या बाजूला झुकेल व वाचकाच्या गरजेपासून दूर जाईल. पुढे २००० साली त्यांच्याच कंपनीने शोधशब्दांवर जाहिराती विकण्यास प्रारंभ केला. यात कोणाच्या हेतूवर आरोप करण्याचे कारण नाही. ज्याच्याकडून पैसा येतो त्याची सोय पाहिली जाते, हा बाजाराचा साधा नियम आहे. मोघम प्रश्न विचारणारा माणूस जाहिरातदाराच्या सोयीचा असतो. नेमका प्रश्न विचारणारा काम होताच उठून जातो.

शिवाय ही चिन्हे कंपनीच्या मर्जीवर आहेत. शब्दापूर्वी अधिकचिन्ह घालून तो अनिवार्य करण्याची सोय गूगलने २०११ मध्ये काढून घेतली. पानाची साठविलेली जुनी प्रत पाहण्याची सोय २०२४ मध्ये गेली. त्याच वर्षापासून भारतातही अनेक प्रश्नांना यंत्रानेच रचलेले तयार उत्तर शोधफळांच्या माथ्यावर येऊ लागले. हे उत्तर सोयीचे असते, पुष्कळदा बरोबरही असते. परंतु ते कोणत्या कागदावरून आले हे पाहण्याची सवय त्यामुळे मोडते. आदेशाचा क्रमांक, नियमाचा पोटकलम, शिष्यवृत्तीची अंतिम तारीख या बाबतींत ‘पुष्कळदा बरोबर’ पुरेसे नसते. तयार उत्तर वाचून मूळ कागद पाहावयाचा असेल, तर पुन्हा ‘साइट’ आणि अवतरणचिन्ह यांच्याकडेच यावे लागते.

या अज्ञानाची किंमत सर्वांना सारखी पडत नाही. शहरातील सुस्थित घरच्या मुलाला विचारावयास कोणीतरी असते. तालुक्याच्या गावी पहिल्या पिढीत महाविद्यालयात आलेल्या मुलीला शिष्यवृत्तीचा विनामूल्य अर्ज हवा असतो, आणि शोधयंत्र तिला कदाचित अशा एखाद्या स्थळापाशी नेते की जे त्याच अर्जासाठी शुल्क मागते. शासकीय स्थळासारखे दिसणारे बनावट स्थळ उभे करून नोकरीच्या अर्जाचे पैसे उकळणे, बँकेच्या नावाने खोटा दूरध्वनी क्रमांक प्रसृत करणे, हे प्रकार आता नवे राहिले नाहीत. ‘गव्ह डॉट इन’पुरता शोध ठेवण्याची एक सवय यांपैकी पुष्कळ संकटे टाळू शकते. स्टिग्लर यांच्या भाषेत बोलावयाचे तर ज्याच्याजवळ वेळ व पैसा कमी, त्याच्याच वाट्याला शोधाचा खर्च अधिक येतो.

काय करता येईल

अशी चिन्हे पाठ करून सर्वसामान्य माणसाने यंत्राशी झुंजावे काय, असा आक्षेप कोणी घेईल. त्यास उत्तर असे की, शिकावयाच्या गोष्टी जेमतेम आठ आहेत आणि एका तासिकेत त्या शिकवून होतात. ग्रंथालयातील तालिकापत्रांचे खण कसे पाहावेत हे मागील पिढीतील विद्यार्थ्यांना शिकवावेच लागत असे. अर्थात या चिन्हांना सर्वरोगहारी समजू नये. अवतरणचिन्हांत शोधलेले वाक्य एखाद्या खोट्या पानावरही शब्दशः सापडते. शोध नेमका झाला म्हणून सापडलेले खरे ठरत नाही. ते पारखण्याचे काम वाचकाचेच राहते. तसेच शोध फार अरुंद केला की हवे तेही निसटते. इंग्लंडमधील क्रॅनफील्ड येथे १९६० च्या दशकात सिरिल क्लेव्हरडन यांनी केलेल्या प्रयोगांत हेच दिसून आले होते: अचूकता वाढवावी तर व्याप्ती घटते, व्याप्ती वाढवावी तर अचूकता. म्हणून प्रथम अरुंद शोधावे, काही न मिळाल्यास एक-एक चिन्ह काढीत जावे.

शाळा-महाविद्यालयांत संगणक-कक्ष उभारण्यावर आपण खर्च केला. त्या कक्षात प्रश्न कसा विचारावा याचा सराव मात्र अभावानेच होतो. प्रत्येक विषयाच्या शिक्षकाने वर्षारंभी एक तासिका यासाठी द्यावी आणि प्रकल्पात मूळ कागदाचा पत्ता व तारीख देणे बंधनकारक करावे. यास नवे अनुदान लागत नाही. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे राज्यात गावोगावी ग्रंथालये उभी राहिली. तेथील ग्रंथपालांना हे थोडे प्रशिक्षण दिले तर रंगनाथनांचे चौथे सूत्र वाचनालयाच्या उंबरठ्याबाहेरही पाळले जाईल.

शासनावरील जबाबदारी याहून स्पष्ट आहे. माहिती अधिकार कायदा २००५ साली झाला. त्याच्या चौथ्या कलमाचा आरंभच असा आहे की, प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपले अभिलेख सूचीबद्ध व अनुक्रमित करून माहिती मिळणे सुलभ होईल अशा रीतीने ठेवावेत. छायाचित्र म्हणून चढविलेला, मथळा नसलेला, ‘स्कॅन १’ अशा नावाने साठविलेला आदेश या कलमाच्या शब्दांना कदाचित बाधा आणीत नसेल, पण त्याच्या हेतूला आणतो. प्रत्येक आदेश युनिकोडात, शोधता येईल अशा स्वरूपात, विषय, क्रमांक व दिनांक यांसह संकेतस्थळावर ठेवणे हे टंकलेखन जाणणाऱ्या कोणत्याही कार्यालयास अशक्य नाही.

नागरिकाने आपल्या हक्काचा कागद मिळविण्यासाठी किती वेळ खर्चावा, हा प्रश्न लोकशाहीतील प्रशासनाच्या गुणवत्तेचा आहे. शासनाने आपले कागद सापडण्याजोगे ठेवावयाचे आणि नागरिकाने ते शोधण्याची रीत शिकावयाची, अशी ही दुहेरी जबाबदारी आहे. तिचा पहिला भाग पूर्ण होण्यास वर्षे लागतील. दुसऱ्या भागाला एक तासिका पुरते, आणि ती येत्या आठवड्यातही घेता येईल.